ठिबकच्या जुन्या नळ्या: बांधावर विकाव्या की कारखान्यात न्याव्या?

अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे संत्राबागेतल्या जुन्या नळ्या बहुतेक जण बांधावरच भंगारवाल्याला देतात. रोख मिळते, गाडीभाडं नाही. पण चिकटलेली काळी माती, क्षार दाखवून तो भाव पाडतो.

चार-पाच शेतकऱ्यांनी माल गोळा करून थेट जुनं प्लॅस्टिक वितळवून त्याचा दाणा करणाऱ्या कारखान्यात नेला, तर मला तेच जास्त पटतं. अट एकच, माल निवडलेला हवा. तुकडा पाण्यात टाकून बघा: पॉलिथिनची लॅटरल (झाडांच्या ओळीतली बारीक नळी) तरंगते, पीव्हीसीचा पाइप बुडतो. दोन्ही मिसळले की दाणा बिघडतो, भाव पडतो. नळ्या धुऊन, ओल्या नव्हे, वाळवून न्या.

कच्चं तेल उतरलं की त्यापासून बनणारा नवा दाणा स्वस्त होतो, मग भंगाराचा भावही घसरतो. अशा वेळी थोडं थांबा, पण नळ्या पेटवू नका. एकट्याच्या दोन बंडलांसाठी मात्र भंगारवालाच परवडतो.