एमजीबीच्या जोड एसयू कार्बुरेटरसाठी रिबिल्ड किट: कशावर उपाय, कशावर नाही

सकाळी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) सुरू होत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "कार्बुरेटर खोला." जोड एचएस४ (एसयू कार्बुरेटरचं एक मॉडेल) साठीचं हे रिबिल्ड किट उत्तम आहे. एसयूचे अस्सल भाग आजही बनवणाऱ्या, इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या बर्लनचं. पण ज्या तक्रारीसाठी ते मागवलं जातं, तिचं मूळ पुष्कळदा कार्बुरेटरमध्ये नसतंच. म्हणून पैसे भरण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा.

मुंबईत जानेवारीतही पारा क्वचितच १५ अंशांखाली जातो. एवढ्याशा गारव्याला हे १७९८ सीसीचं इंजिन चोक ओढल्यावर लगेच पेटायला हवं.

किल्ली फिरवा, पण स्टार्टर मारू नका. नुसता कान द्या. मागच्या बाजूचा एसयूचा इलेक्ट्रिक पंप टकटक करतो आणि दोन्ही फ्लोट चेंबर भरले की थांबतो. आवाजच नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटलेत किंवा वायर सुटली आहे. टकटक थांबतच नसेल तर फ्लोटचा व्हॉल्व्ह अडकून ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल वाहतंय, किंवा पंप कुठेतरी हवा खेचतोय. कित्येक आठवडे उभ्या गाडीत चेंबर कोरडे पडतात, तेव्हा पंप थांबेपर्यंत थांबा आणि मगच स्टार्टर मारा. अनेकांची तक्रार इथेच संपते.

पुढे चोक. एसयूमध्ये हवा अडवणारी पट्टी नसते, केबल ओढली की जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी नळीच, खाली सरकतं. अॅक्सिलरेटर पंपही नसतो, त्यामुळे पाय मारून मारून काहीही साधत नाही. दुसऱ्याला चोक ओढायला सांगून खालून बघा. पहिले सहा मिलिमीटर नॉब फक्त थ्रॉटल किंचित उघडतो, त्यानंतर दोन्ही जेट एकदम उतरली पाहिजेत. एकच उतरलं तर दोन सिलिंडर उपाशी राहतात आणि इंजिन भकभक करून बंद पडतं. केबलचा स्क्रू आवळायला किट लागत नाही.

मग प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर करंट कमी पडतोय किंवा पेट्रोल जास्त होतंय. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा ०.६३ मिमी. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून दमट होते आणि ठिणगी भलत्याच वाटेने पळते. कॅप कोरड्या फडक्याने पुसा, आतली काळी रेघ शोधा. रेघ दिसली तर कॅप बदलायची, घासत बसायचं नाही.

एवढं सगळं ठीक असूनही गाडी रुसत असेल, तर मात्र किट घ्याच. नवी जेट, सुया, फ्लोटचे व्हॉल्व्ह, थ्रॉटलचे स्पिंडल (दांडे) आणि पॅकिंग यांनी खरा फरक पडतो. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे गरज वाढली आहे: इथेनॉल जुनं रबर फुगवतं, पाणी ओढून घेतं, आणि थंड इंजिनात त्याची वाफ सहज होत नाही. मिश्रणही पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतं. इंजिनाजवळची पेट्रोलची रबरी नळी याच वेळी बदला, एसएई जे३० आर९ दर्जाची.

किटची खरी मर्यादा स्पिंडलपाशी आहे. कार्बुरेटरची बॉडी अॅल्युमिनियमची, तिचं भोकच घासलेलं असतं. अशा भोकात नवा स्पिंडलही डुगडुगतो आणि तिथून घेतलेली हवा थंड इंजिनाला सर्वात जास्त नडते. इंजिन आयडलवर ठेवून स्पिंडलच्या टोकांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा (गरम एक्झॉस्टपासून दूर). आरपीएम बदलला तर हवा शिरतेय. मग लेथवाल्याकडून बुश बसवून घ्यावे लागतात. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत राहिली नाहीत तर थ्रॉटल अडकतो, त्यामुळे हे काम अंदाजाने करणाऱ्याच्या हाती देऊ नका.

बसवताना जेट पुलाच्या (कार्बुरेटरच्या आतल्या, जेटभोवतीच्या उंचवट्याच्या) पातळीला आणून जेटचा नट १२ फ्लॅट (नटाच्या कडा), म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली घ्या. ई२० वर आणखी एक-दोन फ्लॅट लागू शकतात. कार्बुरेटरचा पिस्टन उचलून सोडल्यावर धातूचा स्पष्ट 'टक' यायला हवा. जुन्या, पक्क्या बसणाऱ्या सुईच्या कार्बुरेटरमध्ये तो आला नाही तर जेट मध्यावर नाही. इंजिन गरम झाल्यावर पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. आरपीएम चढून तिथेच राहिला तर मिश्रण दाट, पडला तर पातळ, क्षणभर चढून स्थिरावला तर बरोबर. डॅम्परमध्ये (पिस्टनच्या वरच्या तेलाच्या नळीत) एसएई २० तेल घाला. कॅप बसायला सहा मिमी उरले असताना विरोध जाणवला पाहिजे.

मागवताना गाडीचं साल पुरेसं नाही. फ्लोट चेंबरच्या झाकणावरच्या टॅगवरचा एयूडी नंबर (कार्बुरेटरचा प्रकार सांगणारा) द्या, कारण सुई त्यावर ठरते. पुढच्या-मागच्या कार्बुरेटरची जेट वेगवेगळी असतात, दोन्ही नीट तपासून घ्या. फ्लोट वेगळे मागवावे लागतात. जुना फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर ऑर्डर द्यायच्या आधीच तिच्यात दोन नवे फ्लोट घाला.