चेंज रिक्वेस्ट (सीआर), म्हणजे सॉफ्टवेअरचं काम चालू असताना क्लायंटने मागितलेला बदल: सीआर फॉर्म भरायचा की सरळ बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) टाकायचं?
फिक्स्ड प्राइस (आधीच रक्कम ठरलेला) प्रोजेक्ट असेल तर मी डोळे झाकून सीआर फॉर्म म्हणेन. क्लायंट फोनवर म्हणतो "एकच तर फील्ड वाढवायचंय हो", आपण हो म्हणून बसतो आणि मग ते फील्ड डेटाबेस, रिपोर्ट, प्रिंट, एपीआय (दुसऱ्या सिस्टीमशी जोडणी) सगळीकडे टाकावं लागतं, वर टेस्टिंग परत पहिल्यापासून. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आमच्याकडे हेच, बिल नंबर १६ कॅरेक्टरच्या आत बसवायचा होता आणि जुन्या सिस्टीममध्ये ब्रँच कोड, वर्ष धरून तो २१ चा व्हायचा. फॉर्मवर इम्पॅक्ट, दिवस, पैसे लिहून आधीच सही घेतली म्हणून नंतर वाद झाला नाही. तोटा एवढाच की मंजुरीची मीटिंग आठवड्याने, तोवर डेव्हलपर ताटकळत.

बॅकलॉगचं वेगळं. स्क्रममध्ये (छोट्या टप्प्यांत काम करायची एक अजाइल पद्धत) स्प्रिंट म्हणजे एक टप्पा जास्तीत जास्त महिन्याचा, नवीन मागणी आली की प्रॉडक्ट ओनर प्रायॉरिटी लावतो, एक वर आली की दुसरी खाली. टाइम अँड मटेरियल (जेवढं काम तेवढे पैसे) करार असेल तर हे खरंच मस्त चालतं. पण करार फिक्स्ड आणि काम अजाइल असं केलं की टीमचे शनिवार-रविवार जातात, पोरं अक्षरशः पिचतात. आणि बॅकलॉगमध्येसुद्धा ४-५ दिवसांच्या वरचं काम आलं तर मी मेलवर लेखी होकार घेतोच.