काच पास, लोखंड नापास: मांद्र्यातल्या घरावरचा दीडशे लिटरचा सोलर

दीडशे लिटरचा, पंधरा नळ्यांचा सोलर वॉटर हीटर गोव्यात मांद्र्याला आमच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर बसवला, त्यावरून आता एक अख्खा पावसाळा गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक हीटर याच घडणीचे असतात. पाचपैकी साडेतीन तारे देतो, आणि कापलेला दीड तारा सगळाच्या सगळा लोखंडाचा आहे.

मी औषधांच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो. वाफ, लॅगिंग आणि स्टीम ट्रॅप यांच्यातच नोकरी गेली. म्हापशाच्या दुकानात पोरगा टाकीवरचं चकचकीत स्टिकर दाखवायला लागला तेव्हा मी म्हटलं, ते राहू दे, आधी एक सुटी नळी काढ. टाकी, पाइप, स्टँड कुणीही पत्रा वाकवून करतो. ऊन पकडून ठेवायचं काम नळी करते, आणि नळीतही ते काम असतं आतल्या काचेवरच्या काळपट निळ्या थराचं.

नळी म्हणजे एकात एक घातलेल्या दोन काचा. बाहेरची ५८ मिलिमीटर व्यासाची, आतली ४७ची, मधली हवा काढून टाकलेली. जेम्स ड्यूअरने १८९२ साली जो थर्मास केला, तोच हा, फक्त पारदर्शक. आतल्या काचेच्या पाठीवर ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर स्पटरिंगने, म्हणजे निर्वातात धातूचे कण उडवून, चढवतात. त्याची जाडी काहीशे नॅनोमीटर. डोक्यावरचा केस सत्तर हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, म्हणजे बघा. हा थर उन्हातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग गिळतो. पण तापल्यावर उष्णता बाहेर टाकायची वेळ आली की, पूर्ण काळ्या पृष्ठभागाने जेवढी टाकली असती त्याच्या सात-आठ टक्केच टाकतो. उन्हाच्या लहरी बहुतेक अडीच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) आतल्या, आणि नव्वद अंशांच्या नळीतून निघणारी उष्णता आठ मायक्रॉनच्या आसपासची. थर पहिल्यांना काळा दिसतो, दुसऱ्यांना आरसा. ही युक्ती इस्रायलच्या हॅरी टेबॉर यांनी १९५५ साली मांडली.

मी सवयीने हिशेब मांडला. नव्वद अंशांना तापलेल्या साध्या काळ्या रंगाच्या पत्र्यातून दर चौरस मीटरमागे सव्वापाचशे वॅट नुसते प्रारणाने निघून जातात. भर दुपारचं ऊन हजार वॅटच्या आसपास. म्हणजे अर्धी कमाई जागच्या जागी गेली. या थराने तो तोटा चाळीस-बेचाळीस वॅटवर येतो. आमच्या बॉयलरहाऊसमध्ये चार इंच रॉकवूल गुंडाळून असा आकडा मिळाला असता तर साहेबाने पेढे वाटले असते.

नळी चांगली की वाईट हे बघायला उपकरण लागत नाही. भर दुपारी बाहेरच्या काचेवर तळहात ठेवा. आत पाणी सत्तर-ऐंशी अंशांना असतं, आणि काच मात्र उन्हातल्या खिडकीएवढीच कोमट लागते. जी नळी हाताला गरम लागेल तिची निर्वात पोकळी गेली. दुसरी खूण बुडाला. तिथे बेरियमचा चंदेरी मुलामा असतो. हवा आत शिरली की तो पांढरा पडतो, दुधाळ दिसतो. आमच्या पंधरांत एक अशी निघाली. दुकानदाराने आधी ‘धूळ असेल’ म्हणून बघितलं, मग निमूट बदलून दिली.

नातवाला मोबाईलवर दाखवायला सांगून मी या विषयातली बरीच व्याख्यानं ऐकली. रिकामपणाचा एवढा तरी फायदा. एमआयटीमध्ये गांग चेन नावाचे मेकॅनिकलचे प्राध्यापक आहेत, नॅनोच्या पातळीवर उष्णता कशी वाहते हा त्यांचा विषय. त्यांच्या गटाने २००९ साली काचेची एक बारीक गोळी सपाट पृष्ठभागापासून तीस नॅनोमीटरवर नेली. एवढ्या फटीतून जाणारी उष्णता, तापलेल्या वस्तूच्या प्रारणाला प्लांकच्या १९०० सालच्या नियमाने घातलेल्या मर्यादेच्या सुमारे हजारपट भरली. पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या लहरी असतात, त्या एरवी बाहेर पडत नाहीत. फट पुरेशी लहान झाली की पलीकडे उडी मारतात. मी हे ऐकून आधी स्लॅबवर जाऊन नळीच निरखून पाहिली. दोन काचांत साडेतीन-चार मिलिमीटरची फट आहे, म्हणजे त्या अंतराच्या लाखपट. तेव्हा आमचं निर्वात सुरक्षित.

मला जास्त भावलं ते दुसरं. चेन आणि एमआयटीच्याच एव्हलिन वाँग यांच्या गटाने २०१९ साली पारदर्शक एरोजेल वापरून दाखवलं. सिलिकाचा हा पदार्थ बहुतेक पोकळीच, आणि त्यातली भोकं इतकी बारीक की हवेचा रेणू शेजारच्या रेणूवर आपटायच्या आधी भिंतीवरच आपटतो. हवेला धड उष्णताही वाहून नेता येत नाही. या झाकणाखाली, आरसे न लावता आणि निर्वात न करता, २६५ अंश मिळाले. सात किलोच्या दाबाची वाफ १७० अंशांची असते. आमचा कारखाना तेवढ्याच वाफेसाठी दिवसाला इंधनाचा टँकर रिकामा करायचा. न्हाणीच्या पाण्याला एवढी मिजास नको, पण निर्वात फुटायची भीतीच नसलेला हीटर मांद्र्याला हवाच आहे. कारण आमच्याकडे माड आहेत.

झालं असं, की पाडेली नारळ पाडत असताना एक असोला, म्हणजे न सोललेला नारळ, स्लॅबच्या कडेला आपटला, उसळला आणि शेवटच्या नळीवर गेला. या प्रकारच्या हीटरमध्ये पाणी थेट नळीत असतं. एक नळी फुटली की अख्खी टाकी त्या भोकातून रिकामी होते. खाली आई तुळशीला पाणी घालत होती, तिच्या अंगावर गरम पाण्याचा शिडकावा आला. नशीब, दूर होती. नळी बदलणं सोपं. रबरी रिंगला साबणाचं पाणी लावून फिरवत घातली की बसते. पण हीटर कुठे बसवायचा हे ठरवताना दक्षिण दिशेइतकंच माडाकडेही बघा. हे विकणारा सांगत नाही.

बसवायच्या दिवशीही एक तमाशा होता. फिटर बारा वाजता आला, नळ्या उन्हात मांडल्या, जोडल्या आणि लगेच व्हॉल्व्हला हात घातला. रिकामी नळी उन्हात दोनशे अंशांपार जाते. त्यात विहिरीचं गार पाणी सोडलं तर तडकायचीच. तो म्हणाला, ‘काका, कांय जायना.’ मी म्हटलं, ‘तुका जायना, म्हाका जाता.’ ताडपत्री टाकली, त्याला चहा पाजला, दिवेलागणीनंतर पाणी भरलं.

आता लोखंड. स्टँडला पावडर कोटिंग आहे असं पत्रकात छापलंय. आहे, फक्त वेल्डच्या सांध्यांवर नाही, आणि गंज तिथूनच सुरू होतो. पहिल्याच आषाढात सांध्यांवरून तांबड्या ओघळी उतरल्या. बोल्ट साधे एमएसचे, म्हणजे माइल्ड स्टीलचे, दोन तर पान्याला पकडच देईनात. बॅकअप हीटरच्या थर्मोस्टॅटवरचं प्लॅस्टिकचं झाकण असं, की वळिवाचा आडवा पाऊस आरामात आत जातो. ते मी स्वतः रबर लावून बंद केलं आणि लाइनवर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, घातला. दोन किलोवॅटचा एलिमेंट आणि अंघोळीचं पाणी एका टाकीत आहेत, इथे काटकसर करू नका. सेवा केंद्रातला माणूस गंज बघून म्हणाला, ‘समुद्राजवळ असंच होतं.’ मांद्र्याला समुद्र त्यांच्या कंपनीच्या आधीपासून आहे.

टाकीचा फोम मात्र चोख. संध्याकाळी बासष्ट अंशांवर सोडलेलं पाणी पहाटे पंचावन्नला मिळतं. डिसेंबरात चौघांच्या अंघोळी होऊन भांड्यांनाही उरतं. आईची तक्रार वेगळी. तांब्याच्या भाणातलं, नारळाच्या सोडणांच्या जाळावर तापलेलं पाणी अंगाला लागतं तसं हे लागत नाही म्हणे. धुराने डोळे चुरचुरायचे ते ती सोयीस्कर विसरते.

पावसाळ्यात काय, हे मला सगळे विचारतात. जून-जुलैत सोलर नावालाच. ढगांतून झिरपणाऱ्या उजेडावर पाणी कोमट होतं, तेवढंच. दीडशे लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सव्वापाच युनिट लागतात, ते विजेने भरावे लागतात. खरी कसोटी चवथीला. मुंबईची मंडळी उतरलेली, आकाश भरलेलं, मखराआधी प्रत्येकाला अंघोळ हवी. त्या दिवसांत आम्ही बॅकअप चालू ठेवला आणि तरी शेवटच्या दोघांना चुलीवरचंच पाणी मिळालं. घर मोठं असेल तर दोनशे लिटरचा घ्या, नाहीतर पाहुण्यांना पाळी लावून द्या.

दुकानात जाल तेव्हा नळीची वॉरंटी विचारू नका, ती तो न विचारताच सांगेल. स्टँडची विचारा, आणि ती बिलावर लिहून घ्या. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहत असाल तर स्टँड त्यांच्याकडून घेऊच नका. गावातल्या फॅब्रिकेटरकडून हॉट डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, करून घ्या आणि बोल्ट स्टेनलेसचे. मी तसा आता करायला टाकलाय. तो म्हणतो, चवथीच्या आधी देतो. कुठल्या चवथीच्या, ते सांगितलेलं नाही.