दूध-अंडी न खाता ५१.८ वरून ५९.४ किलो : नऊ महिन्यांचा अनुभव

आधी आकडे, म्हणजे कुणाला पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. उंची १७३ सेंटिमीटर, वय २९, कामाचं स्वरूप खुर्चीतलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात वजन ५१.८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) १७.३, म्हणजे कमीच. फेब्रुवारीच्या शेवटी ५९.४. कंबर ७१ ची ७५ सेंटिमीटर झाली. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन मारायची बैठक) ३० किलोवरून ७२.५ वर आलं, बेंच प्रेस (उताणं पडून वजन वर ढकलणं) २५ वरून ४७.५ वर. व्हायरल होणारे आधी-नंतरचे फोटो माझ्याकडे नाहीत, आणि शर्ट काढून फोटो टाकण्याइतकं काही झालेलंही नाही.

व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारा, का झालो हा वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही. फक्त गाव सांगतो : कोल्हापूर. जिथे संध्याकाळी गंगावेशीत म्हशीची धार थेट ग्लासात काढून लोक उभ्याउभ्या पितात, आणि तालमीच्या खुराकाची सुरुवातच दुधापासून होते, तिथे मी दूध सोडून वजन वाढवायला निघालो होतो. माझा मामा तरुणपणी तालमीत जायचा. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हस बी पालाच खाती की रं, बघ कशी झालीया. तू का व्हत न्हाईस?" तेव्हा हसलो. पण प्रश्न अगदी बरोबर होता, हे कळायला तीन महिने गेले. म्हैस दिवसभर चरते आणि रात्री रवंथ करते. मला ऑफिस असतं.

पहिले तीन महिने मी फक्त प्रथिनांच्या मागे लागलो होतो. जो भेटेल तो "प्रोटीन कुठनं मिळतंय तुला?" एवढंच विचारायचा, त्यामुळे मलाही तोच एक प्रश्न आहे असं वाटायला लागलं. सोयाबीनच्या वड्या आणल्या. कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५२ ग्रॅम प्रथिनं, शंभर-सव्वाशे रुपये किलो, यापेक्षा स्वस्त काही नाही. रोज १०० ग्रॅम खायला लागलो. सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ, दुपारी वड्यांचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी, रात्री हुलग्याचं माडगं. तीन महिन्यांत वजन वाढलं ८०० ग्रॅम. पोटातला वायू मात्र असा की ऑफिसात खिडकीजवळची जागा मागून घेतली.

ऑगस्टच्या शेवटी वैतागून तीन दिवस सगळं काट्यावर मोजलं. आधी माझी समजूत होती की मी दिवसाला २५०० कॅलरी खातो. निघाल्या १६५०. म्हणजे मी पोट भरून जेवत होतो, आणि उपाशी होतो. भिजलेल्या वड्या फुगून तिप्पट होतात, पण त्यात तेल जवळजवळ शून्य. उसळ, भाकरी, कोशिंबीर यांत तंतू इतका की दोन भाकऱ्यांवर हात थांबतो. वजन कमी करायला निघालेल्या माणसाला हाच आहार लिहून देतात, आणि मी तो वाढवायला खात होतो.

आणखी एक चूक त्याच वेळी सापडली. डाळीची प्रथिनं मी शिजलेल्या वजनावर धरत होतो. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिनं असतात, पण शिजल्यावर ती पाणी पिते आणि १०० ग्रॅम वरणात जेमतेम सात उरतात, पातळ असेल तर त्याहूनही कमी. माझ्या वहीत त्या वरणाचे २२ लिहिलेले होते. घरात सगळ्यांनी ही वही पाहिली आहे, आता लपवण्यात अर्थ नाही.

सप्टेंबरपासून उलटं केलं. भाकरी रोजची होती ती एकवेळ केली आणि दुसऱ्या वेळी पांढरा भात. हो, पॉलिश केलेला पांढरा भात. पोटात जागा ठेवतो म्हणून. उसळीऐवजी बऱ्याचदा सालाशिवायची मूगडाळ. वड्या १०० वरून ४० ग्रॅमवर आणल्या; त्याही उकळून, दोन पाण्यांतून पिळून, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात. तांबड्या रश्शात त्या छान मुरतात. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्याशिवाय होत नाही म्हणणारे म्हणोत; नारळाचं दाट दूध, काजू, तीळ आणि खसखस यांवर तो होतो, आणि एका वाटीत सहज तीनशे कॅलरी जातात. चव तीच आहे असं मात्र म्हणणार नाही.

पण खरं काम केलं शेंगदाण्यांनी. १०० ग्रॅममध्ये ५६७ कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिनं, आणि मूठभर दाण्यांना पोटात जागा लागते ती मूठभरच. मराठी घरात दाणे नाहीत असा डबा नसतो. भाजीत कूट, आमटीत कूट, चटणी, लाडू. मी फक्त हात सैल सोडला. दाण्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. वरण-भाताशेजारी दाण्याची चटणी असली की वेगळा हिशोब करावा लागत नाही. एकच काळजी : काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे निवडून फेका. बुरशी धरलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं आणि ते भाजून जात नाही. मी आता पाच किलोचं पोतं आणायचं सोडून दर पंधरवड्याला किलो-दीड किलोच आणतो.

रोज चार वाजता एक ग्लास असतो, त्यात बदल नाही : भाजलेले दाणे ४० ग्रॅम, दोन केळी, डाळ्याचं पीठ ४० ग्रॅम, गुळाचा खडा, पाव लिटर सोया दूध. मिक्सरमधून काढायचं. साडेसातशेच्या आसपास कॅलरी, २७-२८ ग्रॅम प्रथिनं, आणि प्यायला तीन मिनिटं. एवढंच चावून खायचं म्हटलं तर रात्रीचं जेवण जात नाही. माझं वजन ज्या एका गोष्टीनं वाढलं ती ही.

सोया दूध घरी करतो. सोयाबीन रात्रभर भिजवून, सालं काढून, कडकडीत गरम पाण्यात वाटलं की तो कच्चट वास बराच कमी होतो. गाळल्यावर १५-२० मिनिटं उकळायचंच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मोडतो. चोथा थालीपिठात. पण घरच्या दुधात कॅल्शियम वरून घातलेलं नसतं, हे बरेच जण विसरतात. मी नाचणीची आंबील आणि तिळाची चटणी त्यासाठीच धरून ठेवली आहे.

पावडरीबद्दल. वाटाण्याच्या प्रथिनांची घेतली, किलोला सतराशे रुपये. पहिल्या डब्याला ओल्या भिंतीची चव होती, दुसरा बरा निघाला. प्रवासात उपयोगी, घरी असताना गरज पडत नाही. खरेदी करताना एक लक्षात ठेवा : पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. दुधापासूनच्या व्हे पावडरीवरही तोच ठिपका असतो. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयनं (देशाची अन्नसुरक्षा संस्था) २०२२ च्या नियमांत वेगळं चिन्ह दिलं आहे, ते बघा.

सोयानं स्नायू होत नाहीत, असं जिममध्ये मला शिकवलं गेलं. साओ पाउलो विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९ व्हीगन आणि १९ मिश्राहारी तरुण, १२ आठवडे पायांचा व्यायाम, दोन्हीकडे दर किलो वजनामागे १.६ ग्रॅम प्रथिनं. एका गटाला सोयाची पावडर, दुसऱ्याला व्हे. स्नायूंच्या वाढीत फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे, पण माझ्यापुरता पुरेसा. मी ९० ग्रॅम धरतो, आठवड्यातून तीन दिवस वजन उचलतो, दर वेळी थोडं वाढवतो. यात सांगण्यासारखं नवीन काही नाही.

क्रिएटिन, म्हणजे वजन उचलायला स्नायूंना बळ देणारी पावडर, ऑक्टोबरपासून, रोज ३ ग्रॅम. ते कारखान्यात रसायनांपासून बनतं, प्राण्यांपासून नाही. मांस न खाणाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो, म्हणून फरक लवकर जाणवतो. पहिल्या दोन आठवड्यांत ९०० ग्रॅम वाढले, ते पाणी आहे. माझ्या ७.६ किलोंतून तेवढे वजा करून वाचा.

आता बी-१२ जीवनसत्त्व. इथे गंमत नाही. जूनमध्ये तपासलं तेव्हा १४८ पिकोग्रॅम आलं, आणि तेव्हा दूध सोडून मला जेमतेम दोन महिने झाले होते. यकृतात बी-१२ चा साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणजे ती कमतरता दूध पीत असतानाचीच. पुण्यात संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ मध्ये मांडलेल्या पाहणीत दोनतृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघालं होतं, तेव्हा हे एकट्या व्हीगन लोकांचं दुखणं नाही. पण वनस्पतींतून ते मिळत नाही, ताकातून-दुधातून येणारं थोडंसंही आपण बंद केलेलं असतं. शेवाळ, स्पिरुलिना वगैरेंवर विसंबू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या घेतल्या, नोव्हेंबरात ४१० वर आलं. ड जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या गोळ्यांतलं डी-३ मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून काढतात. दगडफुलासारख्या लायकेनपासूनचं मिळतं, महाग असतं. लोहासाठी जेवणावर लिंबू पिळतो आणि चहा तासभर पुढे ढकलतो. दुसरं जमायला जास्त जड गेलं.

खर्च महिन्याला आधीपेक्षा साधारण नऊशे रुपयांनी वाढला, पावडर सोडून. लग्नात जेवायची पंचाईत होते, कारण तूप कशात आहे हे वाढप्यालाही माहीत नसतं. मिसळ मात्र बहुतेक ठिकाणी चालते, फक्त दही नको म्हणायचं.

जानेवारीच्या मध्यापासून वजन ५९ ते ५९.४ मध्येच घुटमळतंय. शरीर वाढलं तशी त्याची भूकही वाढली, सप्टेंबरपासूनचं खाणं आता पुरत नाही. आईनं रात्री झोपताना दाणे-गुळाचे दोन लाडू सुरू केले आहेत, अडीचशे कॅलरी धरल्यात. लाडवाचं वजन तिनं मला करू दिलं नाही.