पाच गुंठ्यांत काय लावायचं: मियावाकी की खाद्यवन?

सोसायटीची पाच गुंठे मोकळी जागा, म्हणजे साधारण 500 चौरस मीटर. सभेत दोन प्रस्ताव येतात. मियावाकीत, म्हणजे दाट जंगल लावण्याच्या जपानी पद्धतीत, चौरस मीटरला तीन रोपं, म्हणजे एकूण दीड हजार. खाद्यवनात पाच-पाच मीटरवर वीसेक फळझाडं, त्यांच्या मध्ये शेवगा, पपई, कढीपत्ता आणि खाली हळद, अळू, सुरण. दोन्हींना ‘जंगल’च म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

मियावाकीतली झाडं उजेडासाठी चढाओढ करत सरळ वर जातात. दोन-तीन वर्षांत हिरवी भिंत उभी राहते आणि खुरपणी-पाणी जवळजवळ थांबतं. पण आत पाय ठेवायला जागा नसते, आणि फळ धरलंच तर शेंड्याला, वटवाघळांच्या सोयीचं! खायला हवं असेल तर ही पद्धत नकोच. रस्त्याची धूळ अडवायची असेल तर कुंपणालगत तीन-चार मीटरचा पट्टा तिला द्या, तिथे ती चोख काम करते.

पाण्याचा हिशोब आधी मांडा. मियावाकीला सुरुवातीच्या उन्हाळ्यांत चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर धरलं, तर दिवसाला दोन हजार लिटरच्या वर जातं. वीस फळझाडांना दर तिसऱ्या दिवशी वीस लिटर म्हणजे 400 लिटर. पपई-कढीपत्त्यासाठी आणखी तेवढंच धरलं तरी टँकर लागत नाही. पालापाचोळ्याचं चार-सहा इंच आच्छादन मात्र हवं, तेही खोडापासून वीतभर लांब. चिकटून घातलं तर बुंधा सडतो, वाळवी लागते.

खाद्यवनात लोकांचा धीर टिकवणं अवघड. कलमी आंबा-चिकू धरायला तीन-चार वर्षं, बियांचा फणस सात-आठ. म्हणून पपई आणि पीकेएम-1 ही शेवग्याची लवकर धरणारी जात पहिल्याच पावसात लावा. वर्षभरात हातात काहीतरी येतं.

निर्णयाआधी तीन फूट खोल खड्डा खणून पाहाच. नव्या इमारतींच्या आवारात फूटभर लाल मातीखाली बहुतेकदा बिल्डरचा राडारोडा निघतो. खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर निचरा नाही, पपई पहिल्या पावसात आडवी होणार. तिथे फूट-दीड फूट उंच वरंब्यावरच लागवड करा. राडारोडा काढण्याचा खर्च मियावाकीत जास्त, कारण सगळी जागाच उकरावी लागते.

आंब्याचं कलम लावताना जोड मातीच्या वर राहू द्या आणि जोडाखालून आलेला फुटवा दिसताक्षणी काढा. दुर्लक्ष झालं तर जोडाखालचा खुंटच जोर धरतो, वर बांधलेला केशर मरतो आणि पाच वर्षांनी तुम्ही रायवळाला पाणी घालत असता.

चुकलेलं झाड नंतर सहज काढता येत नाही. 1975 च्या महाराष्ट्र नागरी वृक्ष अधिनियमामुळे तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून आंबा-फणस इमारत आणि पाण्याच्या टाकीपासून पाच मीटर तरी लांब. जांभूळ पार्किंगवर अजिबात नको, जूनमध्ये गाड्या जांभळ्या होतात. शेवगा खेळाच्या जागेवर नको, फांदी अचानक मोडते आणि सुरवंटांचा मोसम वेगळाच. आणि फळं कोण उतरवणार, कशी वाटणार, याचा ठराव रोपं आणण्याआधी सर्वसाधारण सभेत करून घ्या. पहिल्या आंब्यावरून होणारं भांडण मग तरी थोडक्यात मिटतं.