माग खरा, विणकर खरा, पैठणी मात्र यंत्रावरची

लग्नसराई जवळ आली की ठाण्यात 'थेट विणकरांकडून' अशी प्रदर्शनं लागतात. नौपाड्यातला एखादा हॉल, आठवडाभराचा मुक्काम, प्रवेश मोफत. अशाच एका प्रदर्शनात आम्हाला यंत्रमागावरची पैठणी हातमागाची म्हणून साडेअठरा हजारांना विकली. भरवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि नाव कळून उपयोग तरी काय? पुढच्या गावात पाटी वेगळीच असते.

जाऊबाईंच्या लेकीचं लग्न, म्हणून दिवसभर खरेदीला निघालो होतो. सकाळी गोखले रोड, राम मारुती रोड, मग त्या हॉलमध्ये. दारातच हातमाग मांडलेला. एक काका पदर विणत होते, रंगीत रेशमाच्या बारक्या कांड्या ताण्यातून हाताने फिरवत. मोराची मान हळूहळू उमटत होती. "एका पदराला किती दिवस लागतात हो?" विचारलं तर म्हणाले, "नक्षीवर आहे ताई. महिना, कधी दोन." त्या काकांना मी दोष देणार नाही. विणकर ते अस्सल होते, आणि गल्ल्यामागच्या साड्या आपल्या मागावरच्या आहेत असं ते एकदाही म्हणाले नाहीत. तसं म्हणण्याची गरजच नव्हती. माग बघून आत आलेलं माणूस बाकीचं स्वतःच जोडून घेतं.

आत वारली चित्रांच्या चौकटी होत्या. जाऊबाईंची नजर तिखट. तारपा नाचाच्या दोन चौकटी शेजारी धरून त्या मला हळूच म्हणाल्या, "बघ, तिसऱ्या बाईचा पाय दोन्हीकडे सारखाच तुटलाय." छपाई होती. हाताने काढलेल्या चित्रात चूकसुद्धा दुसऱ्यांदा तशीच होत नाही. तिथून काही घेतलं नाही. बचत गटाच्या ताईंकडून कोकमाचं आगळ आणि कुळथाचं पीठ तेवढं घेतलं. दोन्ही उत्तम निघालं.

पैठणीच्या टेबलावर मात्र तयारी पक्की होती. मागे भौगोलिक मानांकनाचा (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या खास मालाला मिळणारी नोंदणी) मोठा फलक, साडीला सिल्क मार्कचं लेबल, विक्रेता येवल्याचा, बोलणं लाघवी. "काकू, लेबल सरकारी आहे, मोबाइलवर तपासून घ्या." तपासलं, खरं निघालं. पदर उलटा करून बघायला गेले तर म्हणाला, "हात लावू नका, जर काळी पडते." पदर घडीत, वर प्लास्टिक, टाचण्या लावलेल्या. सव्वीस हजारांवरून घासाघीस करत साडेअठरावर आला. बिलावर 'सिल्क साडी, १ नग', खाली कुठला नोंदणी क्रमांक नाही. यूपीआयवर पैसे गेले ते भलत्याच नावाच्या खात्यात.

खरं काय ते जांभळी नाक्याजवळ फॉल-पिकोला साडी दिली तेव्हा कळलं. फॉल लावणाऱ्या ताईंनी पदर उलटा केला. मोरांच्या मागे कापलेल्या धाग्यांची कुसं, आणि ती अडकू नयेत म्हणून वरून बारीक जाळी शिवलेली. "ही मशीनची हो. रोज येतात माझ्याकडे अशा." हाताने विणलेल्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या नक्षीपुरताच फिरतो आणि शेजारच्या धाग्यात अडकवला जातो. म्हणून पदर पालथा केला तरी मोर मोरच दिसतो. यंत्रावर धागे मागून लांब तरंगत जातात, ते नंतर कापावे लागतात. टाचण्या कशासाठी होत्या, हे तेव्हा उमगलं.

मग लेबल? तेही खरंच होतं. सिल्क मार्क केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून मिळतो, आणि तो एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे. कुठल्या मागावर विणलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी वेगळा हॅण्डलूम मार्क आहे, 2006 पासून. तो त्या साडीवर नव्हता. मानांकनाचा फलकही खोटा नाही, पैठणीला मानांकन आहेच. दाखवलेली प्रत्येक गोष्ट खरी होती, फक्त त्यातली एकही आमच्या साडीबद्दल नव्हती. कायद्याच्या कचाट्यात सापडू नये अशी ही सगळी मांडणी, आणि मला सर्वांत जास्त चीड त्याचीच येते.

परत गेलो तर हॉल रिकामा. व्यवस्थापक म्हणाले, "आम्ही फक्त जागा भाड्याने देतो." विक्रेत्याने फोन उचलला आणि शांतपणे सांगितलं, "सिल्क म्हणून दिली, सिल्कच आहे. हातमाग असं बिलात कुठे लिहिलंय?"

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नीट बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे, त्यामुळे ते अर्धवट बिल आणि यूपीआयची पावती दोन्ही जपून ठेवली आहेत. हेल्पलाइनवर तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहोत.

लग्नाला साडी तर हवीच होती, म्हणून राम मारुती रोडवरच्या एका दुकानात गेलो. जाऊबाईंनी बसायच्या आधीच विचारलं, "बिलावर 'हातमागावर विणलेली' असं लिहून द्याल का?" दुकानदार हसला. "नाही काकू. ही सेमी पैठणी आहे, मशीनची. साडेतीन हजार. हातमागाची त्या कपाटात आहे, तिच्यावर लिहून देईन, पण तिची किंमत ऐकून घ्या आधी." पदर त्याने स्वतःच उलटा करून दाखवला. आम्ही साडेतीन हजारांची घेतली.