दीड तास गाडी हाणून लावून आणलेली धार

काम: फिगर स्केटिंगच्या पात्यांना धार लावणे. ठिकाण: बॉस्टनच्या पश्चिमेला दीड तासावर, एका घरामागचं गॅरेज. पाटी नाही. नाव-पत्ता देत नाही, कारण धार लावणाऱ्या म्हातारबाबांनी स्वतःच बजावलंय, ‘कुठं लिहू नकोस, आहेत तेवढी गिऱ्हाइकं मला झेपत नाहीत.’ ज्यांची पोरं स्पर्धेत उतरतात त्यांनी रिंकवर जुन्या आईबापांना विचारावं, कळेल.

माझी लेक १२ वर्षांची. सातव्या वर्षी बर्फावर पाय ठेवला, आता जुव्हेनाइल, म्हणजे लहान मुलांच्या गटात स्पर्धा करते. आठवड्यातून सहा दिवस पहाटे साडेपाचला रिंक. इतक्या सरावावर धार तीन-चार आठवडेच टिकते. आम्ही दोन वर्षं रिंकवरच्या काउंटरलाच लावून घेत होतो. दहा मिनिटांत काम, दहा डॉलर. तिथं दिवसभर हॉकीचे स्केट येतात, आणि मशीनवरचा पोरगा आमचंही पातं त्याच हिशेबानं ओढायचा.

बऱ्याच जणांना वाटतं हे पातं सुरीसारखं असतं. तसं नाही. जाडी जेमतेम ४ मिलिमीटर, आणि तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उथळ पन्हळ. त्या पन्हळीच्या दोन काठांना दोन धारा, आतली आणि बाहेरची. सगळा खेळ या दोन धारांचा. लुट्झ ही उडी बाहेरच्या धारेवरून घ्यायची, फ्लिप आतल्या. लुट्झ घेताना ऐन वेळी पाय आत कलंडला, की गुणपत्रकावर उडीपुढे ‘ई’ पडतो. डबल लुट्झचे मूळ गुण २.१०, ‘ई’ पडला की १.६८. वर परीक्षक कापतात ते निराळंच.

गेल्या हिवाळ्यात लागोपाठ दोन स्पर्धांत ‘ई’. कोच चिडली, लेक गाडीत घरापर्यंत रडली. त्या रात्री मी बूट उलटे धरून बसलो. आबांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं दुकान होतं, कॉलेजच्या सुट्ट्या मी तिथं टूल पाजळण्यात घालवल्यात. डाव्या पात्यावर छोटा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, आडवा लावला तर आतली धार बाहेरचीपेक्षा स्पष्ट उंच. लेकीची लुट्झ डाव्या पायावरूनच सुटते. शिवाय टो-पिकचा, म्हणजे पात्याच्या पुढच्या टोकावरच्या दात्यांचा, सगळ्यात खालचा दातही चाकावर घासून बोथट झालेला. आबांनी असं टूल बघितलं असतं तर आधी टूल फेकलं असतं, मग मला.

म्हातारबाबांकडे गेलो ते असं. त्यांनी आधी चाकाचं तोंड हिऱ्याच्या ड्रेसरनं ठरल्या गोलाईत आणून घेतलं. हे मी रिंकवर कधी बघितलं नव्हतं, निदान आमच्या पाळीला तरी. मग पात्याच्या तळाला मार्करनं काळं फासलं, एक हलका हात मारला आणि काळं कुठं उडालं, कुठं राहिलं ते दिव्याखाली पाहिलं. पुढचे हात तेवढ्यापुरतेच. ठिणग्याही फार उडाल्या नाहीत. शेवटी दगडानं बाबरी, म्हणजे घासताना काठावर उरलेली धातूची कूस, काढली, गुण्या लावला आणि तो उजेडासमोर धरून मला दाखवला. खाली पुसटशी फटही नाही. पात्याच्या पुढच्या बाकाला ते फार जपतात, कारण गिरकी त्याच भागावर घेतली जाते आणि चुकीचं घासून तो सपाट झाला की पातं बदलण्यावाचून इलाज नाही. आमची पाती शेफिल्डची आहेत, किंमत सांगत नाही, घरात वाचतील.

मला जास्त आवडलं ते वेगळंच. सगळे प्रश्न त्यांनी लेकीला विचारले. उतरताना पाय घसरतो की अडकतो? कुठल्या पायाचा? कोचच्या सांगण्यावरून मी ७/१६ इंचाची जास्त खोल पन्हळ मागितली होती. हा आकडा पन्हळीच्या गोलाईच्या त्रिज्येचा, जितका लहान तितकी पन्हळ खोल. लेकीचं उत्तर ऐकून त्यांनी नकार दिला. अर्ध्या इंचाचीच ठेवली, म्हणाले आधी दोन्ही धारा सारख्या झाल्या की काय वाटतं ते बघ, मग बोलू. जाताना तिला झापलंही, कारण ती बूट प्लॅस्टिकच्या कव्हरातच ठेवते. ती कव्हरं चालण्यापुरती. ठेवताना पातं पुसून कापडी खोळीत, नाहीतर गंज.

फरक पडला का? पुढच्या स्पर्धेत लुट्झपुढे ‘ई’ नव्हता, उद्गारचिन्ह होतं. म्हणजे धार संशयास्पद, पण चूक म्हणण्याइतकी नाही. कोच म्हणते, अर्धी सवय पायातच आहे. असेल. निदान आता पात्याकडे बोट दाखवता येत नाही.

तक्रारी आहेत. २५ डॉलर, रोखच. वेळ ठरवल्याशिवाय दार उघडत नाहीत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कितीही गयावया केली तरी हात लावत नाहीत, निदान पाच दिवस आधी या म्हणतात. नव्या धारेची पायाला सवय व्हावी लागते हे खरं, पण पहिल्यांदा आम्ही तीन तासांची फुकट फेरी मारली. बसायला एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर मांजर असतं.

बायको विचारते, दर महिन्याला हे किती वर्षं? २०२५ च्या मार्चमध्ये बॉस्टनलाच जागतिक स्पर्धा होती, आम्ही पार वरच्या रांगेत बसलो होतो. अलिसा लिऊ जिंकली तेव्हा लेकीचा आवाज बसला. ही पोरगी १३ व्या वर्षी अमेरिकेची सीनियर विजेती, १६ व्या वर्षी निवृत्त, मग परत येऊन १९ व्या वर्षी जगज्जेती. आता आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धांसाठी किमान वय १७ केलंय. लेकीला तो अन्याय वाटतो, मला बरं वाटतं. तिथपर्यंत पोचलीच तर अजून पाच वर्षं, म्हणजे साठेक फेऱ्या. आताशा येताना ती गाडीत गृहपाठ उरकते.

जाणार असाल तर सोमवार सोडून जा, आणि पाच-दहाच्या नोटा न्या. सुटे त्यांच्याकडे कधीच नसतात.